वहीतला ‘कसं झालं’चा रकाना

८ जानेवारी, बुध.

वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, रोज लिहा. डोकं कधी दुखलं, कुठून सुरू झालं, किती, आणि त्याआधी काय केलं होतं. दहापैकी आकडा द्यायचा. येताना सेलूहून दोन वह्या घेतल्या. एक मॅडमना दाखवायची, तिच्यात फक्त आकडे. दुसरी ही.

आज डो. ६. उजवी बाजू. मानेच्या अगदी वरच्या टोकाला, केस सुरू होतात तिथून निघतं, कानामागून चढतं आणि डोळ्याच्या मागे येऊन बसतं. दोन महिने होत आले, रस्ता बदललेला नाही.

सहा की पाच, यात बराच वेळ गेला. पाच लिहिलं तर म्हणतील एवढंसंच होतं. सात लिहिलं तर कांगावा.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. कुठे पडला होतात का? कुणी मान मोडून दिली, झटका दिला, असं काही? मी दोन्हीला नाही म्हणाले. त्यांनी कागदावर दोन फुल्या मारल्या.

त्या फुल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१० जाने., शुक्र.

डो. सकाळी ४, दुपारी ७.

सेलूच्या सेतू केंद्रात दिवसभर दाखले. उत्पन्न, रहिवास, जात. कागद टेबलावर, स्क्रीन समोर, मान सतत खाली-वर. केंद्र मंदाताईंचं, त्या समोरच्याच टेबलावर. म्हणाल्या, "प्रणाली, दिसाले तं तू चांगली ठणठणीत दिसतं वं. दुखते कुठं तुले?"

पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं.

आतापर्यंत केलेले उपाय: चष्मा (नंबर अगदीच नावाला निघाला). पित्ताच्या गोळ्या. वाफ. ताकदीची पाच इंजेक्शनं. डोक्यावरून आंघोळ बंद, मग डोक्यावरूनच आंघोळ. आईने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. "पाह्य कशी तडतडली! केवढी नजर होती माय!" मोहरी नजर नसली तरी तडतडते, हे मी बोलले नाही. आईला तेवढाच आनंद.

१२ जाने., रवि.

डो. ३. त्यातल्या त्यात बरा दिवस.

रविवार म्हणजे बाबांचा. सकाळी सातपासून छपरीत माणसं. आमच्या हिंगणीची, बोर धरणाकडच्या खेड्यांतली, एखादा पार नाचणगावहून. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचा खांदा उतरलेला, कंबर धरलेली, मान आखडलेली. बाबा हाडं बसवतात. आजोबांनी शिकवलं त्यांना. पैसे घेत नाहीत. एक नारळ, तोही फरक पडल्यावर. हाड मोडल्यासारखं वाटलं तर बांबूच्या कांब्या बांधून सरळ वर्ध्याला पाठवतात. "हे माहं काम नाई, फोटो काढा."

रोग्यांची वही माझ्याकडे. लहानपणापासून. शाळेची मला इतकी भीती होती की फाटकातच उलटी व्हायची. पहिली-दुसरी छपरीतच झाली. बाबा रोग्याचा पाय मांडीवर घेऊन मला बाराखडी म्हणायला लावत. मी लिहिलेलं पहिलं अख्खं वाक्य म्हणजे ‘घोटा मुरगळला’.

पाच रकाने. नाव, गाव, काय झालं, कसं झालं, फरक. बाबा म्हणत, ‘कसं झालं’चा रकाना सगळ्यात रुंद ठेव. माणूस कसा पडला ते समजलं की हाताला वाट दिसते. आणि लाजेपायी लोक खोटं सांगतात म्हणून दोनदा विचारायचं. दारू पिऊन नालीत पडलेला पहिल्यांदा म्हणतो, पाय घसरला.

संध्याकाळी बाबा दिवसभराची नावं वाचून काढतात. त्याआधी चष्मा शोधतात. आज तो तांदळाच्या डब्यावर होता.

घरच्यांचं नाव त्या वहीत चढवत नाहीत. आजोबांपासूनची रीत. चढवलं तर दुखणं घरात मुक्कामाला येतं म्हणे. माझं नाव चढवलेलं नाही. दुखणं आलंच.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. डो. ६. शेजारी हळदीकुंकवाला गेले. कुंकू लावून घ्यायला मान पुढे केली तर डोळ्यापुढे पांढरं. बायकांत एकच विषय, माझं डोकं.

"लग्न झालं का जाते आपोआप."

"माह्या नणदेचं तं लग्नानंतरच सुरू झालं बाप्पा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना मानेत चमक आली.

१७ जाने., शुक्र.

डो. ७. आज चूक केली. एका मुलीच्या अर्जात जन्मसाल चुकलं. तिचे वडील तहसीलमध्ये अर्धा दिवस रांगेत उभे राहिले, तेव्हा खिडकीवर लक्षात आलं. परत आले. ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "मॅडम, आमी शिकलेले नाई, तुमच्या भरोशावर देतो जी." ओरडले असते तर बरं झालं असतं.

चार वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं माझं. पडद्यावरचे आकडे उजव्या डोळ्याला पोहताना दिसतात. मंदाताईंना सांगितलं तर म्हणाल्या, सुटी घे दोन दिवस. दोन दिवसांनी काय होणार आहे?

१९ जाने., रवि.

डो. ५. दुपारी सगळे झोपलेत. लिहून टाकते. या वहीतही लिहिलं नाही तर मग कुठे?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सेलूहून येताना नाल्यावरच्या रपट्याजवळ तुरीतून रानडुक्कर निघालं. ब्रेक दाबला, स्कूटी आडवी झाली. हेल्मेट रपट्याच्या कठड्यावर आपटलं, मान एका बाजूला फेकली गेली. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. बैलबंडीवाला थांबला. "लागलं काय वं बाई?" "नाई." ओढणीचा चिखल नाल्यावर जमेल तसा धुतला, घरी येऊन स्वयंपाक केला.

घरी सांगितलं नाही. स्कूटी घेताना बाबांची अट होती, "एकडाव पडली का गाडी विकली. मंग यष्टीनं जाजो." यष्टी सेलूला पोचते साडेदहाला. केंद्र उघडतं नऊला. गाडी गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की मी पुन्हा छपरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान धरली. उजवीकडे वळेना. बाबांनी विचारलं, कशानं? मी म्हणाले, उशी चुकली.

"उशी?"

"हो."

बस. मला त्यांनी दोनदा विचारलं नाही.

त्यांनी तेल कोमट केलं, खांद्यावर पंचा टाकला, एक हात हनुवटीखाली घेतला. कट् असा आवाज झाला. मान मोकळी झाली. चौथ्या दिवशी डोकं सुरू झालं.

पडलेल्या माणसाच्या मानेला हात लावायचा नाही. आजोबांचा नियम. बाबांनी आयुष्यात मोडला नाही. मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. पंचा टाकेपर्यंत, तेल गरम होईपर्यंत, बोलायला केवढा वेळ होता मला.

मॅडमच्या कागदावर दोन फुल्या. एक बाबांना वाचवायला मारली, एक स्वतःला.

२४ जाने., शुक्र.

डो. ६, ६, ५. तीन दिवस एकदम लिहिते आहे. गोळीने पोट जळतं, डोकं तसंच. स्कूटी वळवताना मागे बघता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. आरशांवर चालवते. बुधवारी पुन्हा वर्धा. बाबा सोबत येतो म्हणाले. नको म्हणायला कारण सुचलं नाही.

२९ जाने., बुध.

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला. "हाडात काही दिसत नाही. पण दुखणं मानेच्या वरच्या मणक्यांच्या सांध्यातून येतंय, दाबल्यावर कळतं. असं उगाच होत नाही. नक्की काही झालं नव्हतं?"

मी तोंड उघडायच्या आधी बाबा उभे राहिले. टोपी हातात.

"म्या बसवली जी मान. उशीनं आखडली होती. म्या झटका देल्ला."

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या फुलीकडे. मग बाबांकडे. आवाज चढवला नाही, पण दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं होती. "काका, तिथून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या जातात, माहीत आहे? मुलगी जन्माची लुळी पडली असती. स्वतःची मुलगी! असे किती जणांना झटके दिलेत?"

"लय जणायले जी."

"बंद करा."

"हाव जी."

मी तिथेच होते, स्टुलावर, बाबांपासून दोन हातांवर. ‘पडले होते’, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. बाहेरच्या बाकावरचा एक माणूस वाकून बघत होता. मी त्या माणसाचे मोजे बघत बसले. पिवळे होते.

मॅडमनी झटक्याची फुली खोडून तिथे बरोबरची खूण केली. पडण्याची फुली तशीच.

बसमध्ये बाबांनी खिडकीची जागा मला दिली. सेलू गेल्यावर एवढंच विचारलं, "लय दुखते काय बाई?"

"नाई, कमी आहे."

डो. ८ होतं. हेही खोटं.

२ फेब्रुवारी, रवि.

डो. ५. बोरकडची एक बाई मान वाकडी करून आली. बाबा लांबूनच म्हणाले, "मानेचं मी पाहत नाई आता."

"काऊन जी? मांगच्या साली माह्या दिराची तं चुटकीत बसवली तुमी."

"हात गेला माहा."

बाईला वाटलं गंमत. "हात तं दोन्ही दिसून राह्यले भाऊ!" हसली. बाबा हसले नाहीत. तिला वर्ध्याचा पत्ता दिला, बसची वेळ सांगितली. मी वहीत लिहिलं: मान आखडली, ओझं उचलताना, पाठवली.

मग त्यांनी जुन्या वह्या काढायला लावल्या. चार वर्षांतल्या सगळ्या माना. मी नावं वाचत होते, ते दुसऱ्या कागदावर गावं लिहीत होते. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

६ फेब्रु., गुरु.

डो. ६. मॅडमच्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पहिला दिवस. माझ्याएवढ्याच असतील. हनुवटी आत घ्यायची, दहा आकडे धरायची, सोडायची. एवढंच? तीन महिने जगणं अवघड झालं आणि उपाय म्हणजे आरशासमोर दुहेरी हनुवटी करणं!

घरी बाबांनी विचारलं, काय शिकवलं. करून दाखवलं. त्यांनी स्वतः तीनदा करून पाहिलं, मानेवर हात ठेवून, डोळे मिटून. "बराबर आहे. आतून ताकद येते ह्यानं."

उद्यापासून रोज सकाळी आकडे तेच मोजणार आहेत.

९ फेब्रु., रवि.

डो. ५. छपरी रिकामी. बाबा सायकल घेऊन सकाळीच गेले. आता कळलं तो कागद कशाचा. ज्यांच्या ज्यांच्या माना बसवल्या त्यांच्या घरी जाऊन विचारताहेत, नंतर डोकं तर दुखलं नाही?

दुपारी दोनला आले. शर्ट पाठीला चिकटलेला. सहा घरं झाली. कुणालाच काही नाही. हिंगणीतल्याच एका काकांनी सांगितलं म्हणे, "डोकं? दुखते नं भाऊ. पण ते घरवालीनं. तुमचा काई दोष नाई."

आई हसून हसून खाली बसली. बाबा पाण्याचा गडू घेऊन ओसरीत. "अजून अकरा घरं राह्यली," म्हणाले.

अकरा घरं. माझ्या एका ‘उशी’साठी.

१२ फेब्रु., बुध.

डो. ७. आईजवळ तोंड उघडलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणाले, आई, मी त्या दिवशी पडले होते.

हात थांबला नाही तिचा. "माहीत आहे मले. ओढणी कोणं धुतली दुसऱ्यांदा? चिखल निघाला नं तिच्यातून."

"मग बोलली काऊन नाई?"

"गाडी गेली असती नं. अन् मले काय माहीत का तू त्यायच्यापुढं मान देऊन बसशीन? मी तवा गोठ्यात होती."

तीन महिने आम्ही दोघी एकाच घरात एकच गोष्ट लपवत होतो, एकमेकींपासूनही.

मी म्हणाले, बाबांना सांगते. तेव्हा तिचे हात थांबले. "नोको सांगू. हात चुकला असं वाटते त्यायले, ते सोसून घेतीन ते. पोरगी खोटं बोलली, अन् तेही त्यायची वही लिहिणारी, हे नाई सोसणार. तुहा बाप आहे, ओळखत नाई काय तू?"

ओळखते. म्हणूनच.

आई म्हणते ते खरं की मला ते खरं हवं आहे? गप्प राहणं सोपं आहे म्हणून पटतंय का? दोन तास हेच. यानेच डोकं दुखत असेल तर मॅडमच्या वहीत ‘त्याआधी काय केलं’मध्ये काय लिहू?

१६ फेब्रु., रवि.

डो. ५. सात घरं झाली आज. सगळे ठीक. बाबांना त्याने बरं वाटायला हवं होतं. उलट म्हणाले, "मंग आपल्याच पोरीले काऊन?"

मी आत निघून गेले.

२० फेब्रु., गुरु.

डो. ४. व्यायामाच्या ताई मानेला हात लावून थांबल्या. "प्रणाली, ही बाजू नुसत्या झटक्याने इतकी कडक होत नाही सहसा. पडली-बिडली होतीस का?"

"हो."

निघालं तोंडातून. रपटा, डुक्कर, हेल्मेट, सगळं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग हे कागदावर का नाही? आम्ही काय अंदाज करत बसायचं?" रागावल्याच. बरोबर आहे. तिथल्या तिथे कागद मागवून पडण्याची फुली खोडली, तारीख विचारली, लिहिली.

एक फुली गेली. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. परक्या बाईला पाच मिनिटांत सांगितलं, आणि ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांना नाही.

२६ फेब्रु., बुध.

मॅडमकडे. एकटी गेले. एमआरआय पाहिला. मोठं काही नाही. नस दबलेली नाही, फाटलेलं नाही. आनंद व्हायला हवा. बाहेर येऊन रडले. दिसत नाही, तरी दुखतं. म्हणजे पुन्हा तेच, दिसायला ठणठणीत.

मी सरळ विचारलं, पडल्यामुळे झालं की झटक्यामुळे? मॅडम म्हणाल्या, "सांगता येणार नाही. पडल्याने सांध्याला मार बसला असणार. त्यावर झटका बसला, तो नको होता. एकट्या पडण्याने दुखलं असतं का, एकट्या झटक्याने दुखलं असतं का, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही व्यायाम करा. बऱ्याच जणांना हळूहळू उतार पडतो."

बऱ्याच जणांना. मी कोणत्या जणांत? विचारलं नाही.

मला वाटलं होतं त्या एक बाजू सांगतील. पडल्यामुळेच म्हणाल्या असत्या तर धावत जाऊन बाबांना सांगितलं असतं. झटक्यामुळेच म्हणाल्या असत्या तर आईचं ऐकून गप्प बसले असते. आता दोन्हीची सोय नाही.

३ मार्च, सोम.

डो. ४. सकाळी व्यायाम. बाबा समोर वेताच्या मोड्यावर बसलेले. "धर. एक. दोन. तीन. खांदे सोड, खांदे काऊन वर घेतं? चार." त्यांचे आकडे घड्याळापेक्षा सारखे असतात. दहाव्याला "सोड" म्हणताना स्वतःही श्वास सोडतात.

आज आठवर आले असताना मी म्हणाले, "बाबा, मले एक सांगाचं आहे."

"दहा होऊ दे."

नऊ. दहा. सोड. तेवढ्यात बाहेर कुणीतरी घोटा घेऊन आलं. बाबा उठले.

दोन आकड्यांपुरतंच धैर्य होतं.

७ मार्च, शुक्र.

डो. ६. ऊन वाढलं. हेल्मेटमध्ये मान भाजते. मंदाताईंनी माझ्या पडद्याखाली दोन जुनी रजिस्टरं ठेवून तो उंच केला, कागदासाठी तिरपी फळी आणली. स्वतःच्या मनाने. "पाहून राह्यली व्हती मी चार दिवस, तुही मान कोंबडीवाणी खाली-वर." चिडवणं थांबलेलं नाही, पण फळी आणली. आज एकही चूक नाही.

स्कूटीवर बसताना रोज मनात येतं, सांगितलं की ही जाणार. मग स्वतःची लाज वाटते. हात गेला म्हणणारा माणूस एकीकडे, आणि मी गाडीच्या हिशेबात.

१० मार्च, सोम.

काल रविवार. लिहायला जमलं नाही. डो. ७ होतं.

घोटे, मनगटंसुद्धा बाबा आता दोनदा चाचपून सोडून देतात. काल एका म्हाताऱ्याचा उतरलेला खांदा त्यांनी धरला आणि बसवलाच नाही. हात तिथे, बोटं जागेवर, आणि थांबले. पूर्वी बोलता बोलता बसवायचे, माणसाला कळायच्या आत. म्हाताऱ्याला कळवळत ऑटोतून वर्ध्याला न्यावं लागलं. त्याचा मुलगा जाताना बडबडला, "मंग रविवारचं बसता कायले छपरीत?"

बाबांनी हात पंच्याला पुसले. कितीतरी वेळ पुसत होते.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग चुलीकडे वळून म्हणाली, "तुले जे कराचं ते कर."

१६ मार्च, रवि.

डो. ५, संध्याकाळी.

धुळवडीनंतरचा रविवार, छपरीत तीनच माणसं आली. दोघांना तेल लावून पाठवलं, एकाला पत्ता देऊन. पाचला बाबा म्हणाले, "वही आण. एक नाव राह्यलं."

मी वही घेऊन मोड्याजवळ बसले. पेन उघडलं.

"लिही. प्रणाली."

मी वर पाहिलं. मान वर करताना चमक आली ती वेगळी.

"बाबा, घरच्याचं नाव..."

"लिही म्हणतो नं. जे आपण केलं ते वहीत पाह्यजे. घरचं असो का बाहेरचं. तुह्या आबाजीले मी सांगीन वर गेल्यावर." हलकं हसले. बऱ्याच दिवसांनी. "लिही. गाव हिंगणी. काय झालं, मान. अन् डोकं."

लिहिलं. माझंच नाव, माझ्याच अक्षरात, त्या वहीत परकं दिसत होतं.

"कसं झालं," बाबा म्हणाले. अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिले. "लिही, बापाच्या हातानं."

पेन त्या रकान्यावर टेकलेलं. सगळ्यात रुंद रकाना, मीच आखलेला. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यात ऐकलं ते लिहिलं आहे. लोकांचं खोटंही लिहिलं असेल, मला माहीत नसताना. माहीत असताना कधीच नाही.

मी लिहिलं: ‘सेलूहून येताना रपट्यावर गाडीवरून पडली. बाबांना उशी सांगितलं.’

"लेहलं?"

"लिहिलं."

"एवढा येळ? दोन तं शब्द होते." हात पुढे केला. "आण, पाहू दे."

वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, जवळ घेतली. अक्षर लागेना. "चष्मा कुठं ठेवला वं म्या?" म्हणत आत गेले, वही काखेत धरून. आता आतून आवाज येताहेत. डबे सरकवल्याचे. आईला विचारताहेत. आई म्हणते, मले नाई माहीत.

मी इथे छपरीतच ही माझी वही घेऊन बसले आहे. मांडीवर. फरकाचा रकाना मी कोरा सोडला, त्यात काय येतं ते अजून कळायचं आहे.

चष्मा भिंतीतल्या देवळीत आहे, कंदिलाच्या मागे. मघाशी कंदील पुसताना मी पाहिला. आईनेही पाहिलेला असणार.

बाबा पुन्हा हाक मारताहेत.

उठते. मीच देते काढून.